पहिल्या ध्यानाचं पान

पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने जानेफळच्या आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. वाचणारा मी. निवृत्त मास्तर, आवाज खणखणीत, आणि कुणाची चूक दिसली की जीभ थांबत नाही. वाचन संपलं की सगळे दहा मिनिटं डोळे मिटून श्वास पाहतात. मी मात्र एक डोळा उघडा ठेवून वर्ग सांभाळतो.

मागच्या वर्षी असंच पाहताना बायकोची मान छातीवर कललेली दिसली. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "झोपायचं असेल तर घरी झोप!"

"झोपली नव्हती मी," ती एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं विहारात येणं सोडलं.

घरात चहा मिळे, भाकर मिळे, बोलणं तेवढं बंद. चौथ्या दिवशी वाचनात पहिल्या ध्यानाचं पान आलं. मन एका जागी लागलं की आधी प्रीती, म्हणजे आनंदाची लहर येते, मग सुख, असं मी लोकांना समजावत होतो आणि डोक्यात एकच, या वयात बायकोची माफी मागायची कशी? लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण विहारात शोभत नाही, पण मला चपखल बसली.

घरी आलो तर ती मेथी निवडत होती. "त्या दिवशी डोळे मिटून काय पाहत होतीस?" मी विचारलं.

"राग," ती म्हणाली. "सकायी चहावरून ओरडले होते ना तुमी? मले राग आला का तो छातीत कुठी हाये ते पायतो मी. पायत राह्यलं का निंघून जाते. लग्नापासून हेच करून राह्यली. त्याले ध्यान म्हन्तात, हे मांगं तुमी विहारात वाचलं तवा समजलं."

मला फार लाज वाटली. मनाचा स्वभाव मी ग्रंथात शोधत होतो, आणि मी रोज दुखवलेलं मन माझ्याच घरात आपलं आपण निवळत होतं.

"उद्या येशील?"

"पाहू."

ती आली, दाराजवळ बसली. ग्रंथ उघडण्याआधी मी उभा राहिलो. "हिला मी सगळ्यांदेखत बोललो, म्हणून माफीही सगळ्यांदेखत मागतो. ती झोपली नव्हती. आज ध्यान कसं करायचं ते तीच सांगेल."

"सांगाचं काय त्यात?" तिनं पदर सावरला. "राग आला का आंदी पाहा, मंग बोला."

हशा पिकला. आमच्याकडे बाया एका बाजूला बसतात, पुरुष दुसऱ्या. मी वाचायची जागा सोडून सरळ बायांच्या बाजूला गेलो आणि तिच्यापाशी उभा राहिलो. ती थोडी सरकली आणि सतरंजीवर मला जागा करून दिली.