मोटारीचा खरारा

आमचे अप्पाकाका मोटारीच्या मागून कधी जात नसत. पलीकडे जायचं असेल तर समोरून वळसा घालायचे. कोणी कारण विचारलं तर म्हणत, "मागून जाणाऱ्याला लाथ बसते. बसली की मग विचारत बसा." मोटारीला पाय नसतात हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ती पळते आणि बिथरली तर माणूस मारते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

अप्पाकाका माझे चुलत सासरे. घराणं शिलेदारांचं, त्यामुळे घोड्यांपलीकडे काही शिकायची गरज कोणाला वाटली नव्हती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका सरदारांची पागा होती, तिचे काका प्रमुख. पुढे सरदारसाहेबांनी एकेक करून घोडे विकले, रिकाम्या पागेत मोटार आणून उभी केली आणि पागेचा मोटारखाना झाला. काका मात्र होते तिथेच राहिले. मोटार ड्रायव्हर चालवी, निगा काका राखत. रोज सकाळी "उठ बेटी" म्हणून तिच्या पाठीवर थाप मारायची, बाह्या सारायच्या आणि अंगातलं सगळं वजन टाकून फडक्यानं खरारा करायचा. "घाम आपला, चमक तिची," असं ते म्हणत. पागेत या वाक्यावर त्यांची हयात गेली होती.

मोटारखान्याची मागची भिंत आणि आमचं अंगण यांच्यामध्ये एक बोळ तेवढा होता. माजघराच्या खिडकीतून सगळं दिसे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासरच्या माणसांआधी ही मोटारच माझ्या ओळखीची झाली.

आमच्याकडच्या उन्हाळ्यात माणसंही काळवंडतात. मोटार काळीच होती, ती उलट भुरकी पडली. पुसलेल्या पाटीसारखा रंग. काका घाम गाळत होते, चमक येत नव्हती. शेवटी सरदारसाहेबांनी मुंबईहून पॉलिशचं विजेचं यंत्र मागवलं. दोन्ही हातांत धरायचं, पुढे लोकरीची गोल गादी. रंगाला मलम लावून ती गादी गरगर फिरवली की वरचा मेलेला थर निघून खालचा रंग उजळतो, असं बरोबरच्या कागदावर लिहिलं होतं. यंत्र देताना सरदारसाहेब म्हणाले, "अप्पा, दसऱ्याच्या मिरवणुकीत मोटार न्यायची आहे. तिच्यात तोंड दिसलं पाहिजे. जमणार नसेल तर मोकळेपणानं सांगा, मुंबईहून माणूस बोलावतो. मग तुम्ही आपले घरी आराम करा."

त्या संध्याकाळी काका अर्ध्या जेवणावरून उठले. सासूबाईंचा घास हातातच राहिला. काका घरी आराम करतात म्हणजे काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. मागे एकदा गुडघा सुजला म्हणून ते घरी बसले होते, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराची पागा केली. डबे उंचीप्रमाणे उभे केले, कणीक घोड्याच्या चंदीसारखी भिजवायला लावली, आणि गवळ्याच्या म्हशीचे दात तपासून गवळी तोडला. दुसरा गवळी मिळेपर्यंत आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी काका दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, हात बसवायला काळा रंगवलेला पत्रा पाहिजे. मोटारीवर एकदम प्रयोग नको."

घरात काळा पत्रा एकच होता. माझी माहेरची ट्रंक. कोरी, फुलांची नक्षी काढलेली.

"ती नाही हं, काका," मी म्हटलं.

सासूबाईंनी मला आत ओढलं. "दे ती. ट्रंक दुसरी घेता येईल. भाऊजी घरी बसले तर दुसरं घर घ्यावं लागेल."

ट्रंक बोळात गेली. मी खिडकीत बसले. काकांनी बटण दाबलं, यंत्र घुरघुरलं आणि त्यांनी सवयीप्रमाणे छातीचं सगळं वजन त्यावर टाकलं. क्षणात जळका वास सुटला. नक्षी गेली, रंग गेला, पांढरा पत्रा उघडा पडला. काकांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "जोर कमी पडला." दुसऱ्या बाजूला जास्त जोर लावला. तिथला रंग तर गोळा होऊन गादीलाच चिकटला. तिसऱ्या बाजूचा रंग ओरबाडून यंत्रानं उसळी घेतली, काकांना फरफटत भिंतीपर्यंत नेलं आणि त्यांचा उजवा खांदा निखळला.

"अडेल आहे," ते भिंतीशी बसून म्हणाले. "पण जात चांगली आहे."

वैद्यांनी खांदा बसवला, सासूबाईंनी आंबेहळदीचा लेप घालून हात गळ्यात बांधला. वैद्यांनी हलवू नका म्हणून सांगितलं. काका दुसऱ्याच दिवशी पुन्हा ट्रंकेपाशी. मागची बाजू बिजागरांची, सपाट असं राहिलं होतं फक्त झाकण. उजवा हात झोळीत, डाव्यात जोर नाही. यंत्र जेमतेम टेकलं होतं आणि आपल्या मर्जीनं फिरत होतं, काका त्याच्यामागे हळूहळू सरकत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी बटण बंद केलं, मलम पुसलं आणि मला हाक मारली.

झाकणात मी दिसत होते. माझ्यामागे दोरीवरचं लुगडंसुद्धा.

"मी हेच करणार होतो," काका म्हणाले.

"मग तीन बाजू कशाला जाळल्या?"

"जनावराची ओळख पटायला वेळ लागतो, सूनबाई. थोडा सबर ठेवायचा."

त्या दिवसापासून घामाचं वाक्य गेलं आणि नवीन आलं: "दाबू नका. त्याला चालू द्या. आपण नुसता लगाम धरायचा." वाक्य आलं, हात यायला फार दिवस लागले. हजीरा भागातल्या भंगारवाल्याकडून त्यांनी मोटारींचे मोडके पत्रे आणले. सपाट जागा जमली तर वळणावर रंग उडे, वळण जमलं तर कडेला. पावसाळाभर बोळात घुरघुर चालली होती. मध्ये खांदा बरा झाला, आणि तीच मोठी पंचाईत झाली. हात मोकळा मिळाला की तो आपसूक दाबायला लागे. तेव्हा काकांनी उपाय काढला. रोज सकाळी धडधाकट हात सासूबाईंपुढे करायचा आणि म्हणायचं, "वहिनी, बांधा."

"आणि लोक विचारतील त्यांना काय सांगू?"

"सांगा, घोडा शिकतोय."

मोटारीला त्यांनी हात लावला तो भाद्रपदात. रोज हातभर जागा, त्याहून जास्त नाही. ड्रायव्हर म्हणाला, "काकासाहेब, अशानं पुढचा दसरा उजाडेल." काका म्हणाले, "तू चालव, मी चालू देतो." घटस्थापनेपर्यंत दारं झाली, नवमीला बॉनेट झालं. त्या रात्री त्यांनी मोटारीला आपली धुतलेली धोतरं पांघरवली.

दसऱ्याला आम्ही सरदारांकडे सोनं द्यायला गेलो. मोटार अंगणात उभी होती, तिच्यात ग्वाल्हेरचा किल्ला उलटा दिसत होता. सरदारसाहेब पगडी घालून पायऱ्यांवर उभे. इतक्यात बाईसाहेब पूजेचं ताट घेऊन उतरल्या. दरसाल बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं भलं मोठं स्वस्तिक निघे, वर दह्यातल्या अक्षता. बाईसाहेबांनी बोट बुडवलं आणि काका आडवे आले.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"तिथं नको, बाईसाहेब."

"नको म्हणजे? दसरा आहे आज. वाहनाला गंध नको?"

"पाहिजे ना. पण गंध कपाळाला लावतात. ही पाठ आहे."

बाईसाहेब थांबल्या. "मग कपाळ कुठं आहे?"

काकांनी दोन दिव्यांच्या मधली, पाणी भरायच्या जागेची निकलची टोपी दाखवली. "दोन डोळे, वर कपाळ. पागेत आपण पाठीला कधी गंध लावलं नाही."

बाईसाहेबांनी नवऱ्याकडे पाहिलं. सरदारसाहेब सावकाश खाली आले, दारापाशी वाकले आणि त्या काळ्या पत्र्यात बघून तिरकी झालेली पगडी सरळ केली. "अप्पा म्हणतात तसं करा," ते म्हणाले. मग पलीकडे बसायला निघाले आणि मोटारीच्या समोरून वळसा घालून गेले.

"वाचलो," सासूबाई पुटपुटल्या आणि त्यांनी माझं मनगट सोडलं.

मुंबईचा माणूस कधी आला नाही. काका चालता येईपर्यंत मोटारखान्यात गेले. मग थोडे दिवस घरी होते, पण डबे हलवायची ताकद राहिली नव्हती. शेवटच्या आजारात मी पाय चेपायला बसले की डोळे मिटूनच म्हणत, "दाबू नकोस. नुसता हात ठेव."

ट्रंक अजून आहे. लोकरीचे कपडे ठेवते तिच्यात. तीन बाजूंना गंज चढला म्हणून परवा रंगारी बोलावला. बाजू रंगव, झाकणाला हात लावू नकोस, असं बजावून मी आत गेले. बाहेर आले तर हा फडकं घेऊन, सगळं वजन टाकून झाकण रगडतोय.

"भैया," मी म्हटलं, "दाबू नका. चालू द्या."