क्रूसापर्यंत

लॅटिन सरांबरोबर केबिन रोडला खरेदीला जाणं म्हणजे विकतचं दुखणं. कुठे 'सलाड' अशी पाटी दिसली की सर भर रस्त्यात थांबलेच. "बाय, यात मीठ हाय. 'सॅलरी'मंदीपन त्येच मीठ. रोमच्या शिपायांना पगारात मीठ द्यायचे, ही गोष्ट खरी का खोटी, ठाव न्हाय. पन शब्दाचं मूळ मिठातलं." माझे आजोबा मिठागरात राबलेले, त्यामुळे हे मला ऐकवताना त्यांना विशेष चेव येई. मागून रिक्षावाला "अंकल, साइड हो जाओ" म्हणून ओरडत असे आणि मेल्याहून मेल्यासारखं मला होई.

सर भाईंदरजवळच्या डोंगरी गावचे. तरुणपणी पाद्री व्हायला गेले, लॅटिन शिकले आणि लग्न करायचं म्हणून परत आले. पुढे आमच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निबंधात 'नाइस' लिहिलं की तांबडी रेघ ठरलेली. हा शब्द आधी अडाण्याला लावत, मग मूर्खाला, मग चोखंदळ माणसाला, आणि आता चहालाही! "शब्द गरीब बिचारे," सर म्हणत. "लोक नेतील तिकडं जातात."

त्यांच्या घरून कुणी एकटं निघालं, असं कधी झालं नाही. गल्लीच्या तोंडाशी गावाचा क्रूस आहे, तिथवर सर पोचवायला येत. गुडघे गेले तरी येत. मी रागावले तर म्हणत, "पाहुन्याला दारातून वाटं लावतात काय?"

मग ते आजारी पडले आणि भाईंदरच्या एका हॉस्पिटलात अडकले. डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. "'हॉस्पिटल' शब्दाचं मूळ पाहुना, बाय," सर नळ्यांमधून पुटपुटले. "पाहुन्याला घरी कदी सोडनार?" त्यांचा मुलगा मेल्विन मला बाहेर घेऊन गेला. "ताई, घरी नेला आन् काय झाला, तर लोक बोलतील, पोरानं बापाला मारला." मला त्याचा संताप आला, आणि त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून तो गिळावाही लागला.

आत येऊन मी निघते म्हटलं. तर सर उठायलाच लागले. एक पाय खाली आला, सलाइनची नळी ताणली गेली. "चल, क्रूसापरेंत येतो." नर्स किंचाळली. मेल्विन धावत आला. तो पाय उचलून वर ठेवील असं मला वाटलं. पण तो खाली वाकला आणि खाटेखाली बापाच्या चपला शोधू लागला. दुसऱ्या दिवशी सही करून त्याने सरांना डोंगरीला आणलं.

थोडेच दिवस मिळाले. शेवटच्या भेटीत सरांनी खाटेवरूनच हात हलवला. "आज हितूनच, बाय. राग मानू नको." बसमध्ये मी सगळ्यांदेखत रडले.

अंत्ययात्रा गल्लीतून निघाली. क्रूसाशी मेल्विनने सगळ्यांना क्षणभर थांबवलं. इथून सर नेहमी मागे वळत. त्या दिवशी पहिल्यांदाच ते माझ्याबरोबर पुढे आले.