सहा केळी, दोन वाट्या कणीक

छापलेल्या अक्षरावर आमच्या बाईंइतका विश्वास ठेवणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलं नाही. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' असं लिहिलेलं असेल, तर बाई बाटली हलवतच, पण किती वेळा ते लिहिलेलं नाही म्हणून कंपाउंडरला विचारून येत. गाडी फलाटावर उभी असली आणि वेळापत्रकाप्रमाणे तिची वेळ झालेली नसली, तर बाई तिच्यात चढत नसत. "ही दुसरी असेल," म्हणत. मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि शनवारा मोहल्ल्यात आमच्या घरामागच्या एका खोलीत दमेकरी वडिलांबरोबर राहायच्या. वयानं माझ्याएवढ्याच, तिशीच्या. पण त्या मला 'वहिनी' म्हणत, मी त्यांना 'बाई', आणि दोघीही शेवटपर्यंत अहो-जाहोवरून खाली उतरलो नाही.

नवीन मध्य प्रदेश होऊन थोडेच महिने झाले होते. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, आणि आमच्या जवळच्याच इच्छापूरच्या पलीकडे अचानक दुसरं राज्य सुरू झालं. शाळेत रोज एक नवी बातमी येऊन थडकायची. त्यातलीच एक अशी की, मराठी वर्गांचा पाकशास्त्राचा तास ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला खंडव्याहून इन्स्पेक्टर बाई येणार, आणि मुलींकडून समोर पदार्थ करवून घेणार. ऐकायला क्षुल्लक गोष्ट. पण वरच्या वर्गातल्या अकरा मुलींना बापांनी शाळेत ठेवलं होतं ते याच तासाच्या जोरावर. "पोरगी रांधायला शिकते ना, मग जाऊ दे," असं म्हणणारे ते बाप. तास गेला की दुसऱ्या दिवशी मुली घरी, आणि वर्षभरात बोहल्यावर. हा तास बाईंच्या गळ्यात पडला होता, कारण विज्ञानातही काहीतरी उकळतं आणि स्वयंपाकातही, असं हेडबाईंचं मत होतं. बाईंना स्वतःला भाकरी, वरण आणि वांग्याचं भरीत यापलीकडे काही येत नव्हतं.

त्यांनी पुण्याहून पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक मागवलं आणि माझ्यापुढे आणून ठेवलं. "वहिनी, यातली एकेक कृती आधी आपण करून बघायची. न तपासलेला प्रयोग मी वर्गात नेत नाही." तळणाच्या धुरानं त्यांच्या वडिलांना धाप लागायची, म्हणून प्रयोगशाळा झाली आमच्या स्वयंपाकघराची. हाती होते पंधरा दिवस.

पहिल्याच दिवशी गाडी वाटीवर अडली. आमच्या घरात वाट्या तीन मापांच्या. लेखिकेची वाटी केवढी? बाईंनी प्रकाशकाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. आठवड्यानं लेखिकेचं एका ओळीचं उत्तर आलं, 'वाटी घरातली घ्यावी.' बाईंनी ते तीनदा वाचलं. "घरातली, मतलब? कोणाच्या घरातली?" 'मंद आच' हे शब्द आले तेव्हा त्यांनी चुलीवर तळहात धरला. सातपर्यंत मोजता आलं तर आच मंद, तीनलाच हात मागे आला तर मोठी, असं ठरलं. 'तांबूस रंग' जुळवायला त्या फुटक्या कुंडीचा तुकडा घेऊन आल्या आणि कढईतल्या करंजीशेजारी धरून बघू लागल्या. माझ्या सासूबाई माजघराच्या दारात बसून हे पाहायच्या. "काय करून राहिल्या ह्या दोघी? करंजीला खापर दाखवून राहिल्या!" आमचे हे कचेरीतून आल्यावर पानावर बसण्याआधी विचारायचे, "आज जेवायचं आहे की तपासायचं आहे?"

पण दिवस सरत चालले तसं हसणं कमी होत गेलं. इन्स्पेक्टर बाईंकडून पाच पदार्थांची यादी आली. त्यातला कोणता करायचा ते त्या आदल्या दिवशी कळवणार होत्या. चार पदार्थ कसेबसे जमले. पाचवा होता केळ्याचे घारगे. पुस्तक म्हणत होतं, सहा केळी आणि दोन वाट्या कणीक. पहिल्या वेळी घारगे तेलात पडताच विरघळले. दुसऱ्या वेळीही तेच. कढईत नुसता चोथा तरंगत होता आणि सासूबाई तेलाचा डबा उचलून कपाटात ठेवायला निघाल्या होत्या. बाई घामेजल्या चेहऱ्यानं पुस्तकाचं तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होत्या. "सगळं बरोबर तर केलं," त्या म्हणत होत्या, "चूक आपलीच असणार."

मला चूक दिसत होती. आमच्याकडची केळी ती केवढी! पुण्याच्या दोन केळ्यांना आमचं एक पुरे. पण बाईंना सांगून उपयोग नव्हता. सहा लिहिलं होतं म्हणजे सहा. तिसऱ्यांदा पीठ मळत असताना मागच्या खोलीतून बाईंच्या वडिलांची हाक आली आणि बाई पाणी द्यायला गेल्या. मी डब्यात हात घातला आणि एक मूठ कणीक परातीत टाकली. बाई परत आल्या, घारगे थापले, आणि पहिलाच टम्म फुगून वर आला. बाईंनी तो उजेडात धरून बघितला, तुकडा मोडून खाल्ला आणि वहीत लिहिलं, 'पुस्तकाप्रमाणे. यशस्वी.' मग त्या हसल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसल्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

आदल्या संध्याकाळी बाई धावत आल्या. "वहिनी, घारगे! आपले पक्के झालेले घारगेच निघाले!" मला ती मूठ आठवली. शाळेत तळणाचा सराव कधी झालाच नव्हता. मुली जे करणार ते वहीबरहुकूम, म्हणजे मुठीशिवाय. तरीही त्यांचा चेहरा बघून माझ्यानं बोलवलं नाही. सकाळी मात्र चूल तशीच टाकून मी शाळेकडे पळत सुटले.

बाई पायऱ्यांवर उभ्या होत्या, मागे वेण्या घट्ट बांधलेल्या अकरा मुली. मी त्यांना बाजूला ओढलं. "बाई, आपली केळी मोठी, म्हणून मी त्या पिठात मूठभर कणीक घातली होती. तुम्ही पाणी द्यायला गेला होतात तेव्हा."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मी वहीत 'पुस्तकाप्रमाणे' लिहिलंय, वहिनी." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे एकच, की आणखी काही?"

"एकच. शपथ."

त्यांनी वही मिटली. मला वाटलं, आता या माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढतच शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. काचेच्या कपाटातला तराजू काढला, कणकेचा डबा पुढे सरकवला. "घ्या मूठ. त्या दिवशी घेतली तशीच." पहिली मूठ अर्धी सांडली. "ही नाही. पुन्हा." तीनदा मुठी भरल्या, तीनदा तोलल्या. तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबल्याचा आवाज आला. बाई खडू घेऊन वर्गाकडे धावल्या; फळ्यावर मुठीचं वजन लिहिलं आणि मूठ माझी, हेही मुलींना सांगितलं.

इन्स्पेक्टर बाई कडक चेहऱ्याच्या, मोजकंच आणि हिंदीत बोलणाऱ्या. मी दाराआड उभी होते. पीठ मळणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "आटा कितना लिया?"

मुलीचं पाठांतर मराठीत. ती घाबरली. "दो कटोरी... और एक मूठ."

"मुट्ठी? किसकी मुट्ठी?"

मुलीनं सरळ दाराकडे बोट केलं. "वो मावशी की."

 इन्स्पेक्टर बाईंनी पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि बाईंकडे पाहिलं. बाई उभ्या राहिल्या. शब्द स्वच्छ होते. "किताब हमारे केले के लिए गलत है, मैडम. हमने जाँच के देखा." छापलेलं चुकीचं आहे, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

कढईत घारगा पडला, बुडाला, आणि वर आला. दुसराही. इन्स्पेक्टर बाईंनी एक खाल्ला, रुमालानं बोटं पुसली आणि दुसरा उचलला.

तास राहिला. पुढच्या वर्षापासून हिंदीत, पण राहिला. अकरांपैकी नऊ मुली मॅट्रिकपर्यंत पोचल्या. बाईंना मात्र ते बघायला मिळालं नाही. उन्हाळ्यात त्यांची बदली नर्मदेपलीकडच्या शाळेत झाली. आम्ही त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. वडिलांना खिडकीशी बसवून त्या दारात उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायचं होतं, दोघींनाही. "तब्येतीला जपा, वहिनी," एवढंच त्या म्हणाल्या आणि गाडी हलली.

घरी आले तर सासूबाई दारातच बसल्या होत्या. वर्षभर बाईंच्या नावानं बोटं मोडणाऱ्या त्या. म्हणाल्या, "गेली का? जेवून गेली ना पोरगी?"

 इतके दिवस बाई आमच्या चुलीपुढे बसल्या होत्या. प्रत्येक पदार्थ चमचाभर चाखायच्या, दोन शब्द लिहायच्या आणि वडिलांची भाकरी टाकायला घाईनं निघून जायच्या. पाट मांडून, पान वाढून, "बसा बाई" असं मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं.