भेंडीचा शेंडा

अमेरिकेत मुलाच्या गावी, अर्विंगच्या पार्कात आम्हा मराठी म्हाताऱ्यांचा एक बाक आहे. मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत. बाकावर दुसरं काम नाही, म्हणून किस्से साठत जातात. मी चौथी शिकलेला, जन्मभर तीन एकर कसलेला माणूस. जमेल तसे लिहितो.

बाकावर मोरेसाहेबांचा शब्द शेवटचा. इन्कम टॅक्समधून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही किती वर्षं टॅक्स भरलात?"

"एकदाही नाही."

"म्हणजे देश आम्ही चालवला," ते बाकीच्यांना म्हणाले. सगळे हसले.

डिझेल, पंपाचे पार्ट, साबण, काडीपेटी. टॅक्स मी रोज भरला. त्यांच्या ऑफिसात माझी फाइल नव्हती, एवढंच.

*

माझ्या तरुणपणी सरकार शेतकऱ्याकडून लेव्हीची ज्वारी घ्यायचं, सरकार ठरवेल त्या भावाने. एका वर्षी पीक निम्मं आलं. वडिलांनी तरी पोती नेऊन घातली. घरात आम्ही रेशनचा लाल मिलो खाल्ला. ती हलकी ज्वारी अमेरिकेतून यायची.

हे सांगितलं तर मोरेसाहेब म्हणाले, "पण तेव्हा आमच्याकडे शहरात रेशनला ज्वारी चांगली मिळायची हो."

"मिळणारच," मी म्हणालो.

*

नात ईशा शाळेसाठी घरच्यांवर निबंध लिहीत होती. माझ्या नावापुढे तिने 'ॲग्रिबिझनेस' लिहिलं. मुलाने अर्थ सांगितला.

"खोड ते," मी म्हणालो.

"बट आजोबा, इट साउंड्स बेटर."

"कोणाला?"

तिने खोडलं. 'फार्मर' लिहिलं.

*

दर शनिवारी बाजारात डेल नावाचा शेतकरी भेंडी घेऊन येतो. आमची माणसं भेंडीचा शेंडा मोडून बघतात. कट्‌कन मोडला तर कोवळी, नाहीतर परत टोपलीत. डेलने शेवटी पाटी लावली: मोडू नका.

मोरेसाहेबांनी पाटी पूर्ण वाचली. "हे बाकीच्यांसाठी आहे," म्हणाले आणि मोडली.

*

परवाच्या शनिवारी ईशा सोबत होती. डेलने तिला सांगितलं, पुढचा शनिवार शेवटचा. शेंडा मोडलेली भेंडी कोणी घेत नाही, निम्मा माल परत न्यावा लागतो. त्यातून जानेवारीत भरायचा जमिनीचा टॅक्स निघत नाही.

मोरेसाहेब शेजारीच होते. "शेतकऱ्याला टॅक्स? विचार गं त्याला."

ईशाने विचारलं. डेल म्हणाला, पीक येवो न येवो, भरावाच लागतो. त्यावर गावची शाळा चालते. त्याला स्वतःला मूलबाळ नाही. आग लागली की गावचा बंब घेऊन तोच जातो, बिनपगारी.

मोरेसाहेबांच्या हातात भेंडी होती, अंगठा शेंड्यावर. त्यांनी अंगठा काढला.

"टू पाउंड्स," म्हणाले. डेलने भरली तशी घेतली.

सोमवारी मोरेवहिनी साहेबांना बोलवायला बाकापाशी आल्या. मला म्हणाल्या, "भावजी, यांनी कसली भेंडी आणली? निम्मी निबर. टाकू म्हटलं तर टाकू देईनात. दोन दिवस चावत बसलेत."

मोरेसाहेब उठले, काठी घेतली.

"शनिवारी पिशवी मोठी दे," म्हणाले.