परड्यातलं मैदान

खो-खोत माझी एकच खोड आहे, असं आमचे खेळाचे मास्तर म्हणायचे. ती म्हणजे खांब. धावण्यात मला गाठणारी मुलगी शाळेत नव्हती, पण खांबाशी वळताना माझा हात सुटायचा आणि समोरची निसटून जायची. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती आणि मी सातवीत होते. उन्हाळ्याच्या शेवटी उमरग्याला संघाची निवड होती. तिथं घेतलेल्या मुलींना शहरातलं एक वसतिगृह फुकट ठेवून घेणार होतं, पुढं मॅट्रिकपर्यंत. निवड झाली तर शाळा, नाही झाली तर खुरपं. घरात हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

हा बाहत्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. शाळेच्या मैदानावर सोसायटीनं कडब्याचा डेपो उघडला होता. गंजी पार गोलपोस्टाच्या वर गेलेल्या. आमचे अण्णा सोसायटीकडं राखणदार. म्हणजे माझं मैदान अडवून बसलेल्या कडब्याची राखण माझेच वडील करत होते. मी एकदा त्यांना म्हटलं, "अण्णा, तुम्ही सोसायटीत सांगा की, एक कोपरा तरी सोडा म्हणावं."

"जनावरं मरायलीत बाई," ते म्हणाले, "अन् तुला खेळ सुचायलाय?"

बरोबरच होतं त्यांचं. मला त्या बरोबर असण्याचाच जास्त राग आला.

मास्तरांनीही हात वर केले. रानात भेगा आणि माळावर दगडगोटे, मग सराव करायचा कुठं? ते म्हणाले, "खांब पक्का झाल्याबिगर तुला नेऊन उपयोग न्हाय पोरी."

त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या दुष्काळी कामावरून येताना मायच्या डोक्यावर मुरमानं भरलेली पाटी होती. दिवसभर तिथं मुरूमच वाहून आलेली बाई, घरी येताना पुन्हा मुरूमच घेऊन आली. पाटी घरामागच्या परड्यात उपडी केली आणि म्हणाली, "मैदान इथं करू."

आमचं परडं काळ्या मातीचं. पाऊस नसला की ती माती फाटते. त्या वर्षी तर अशी फाटली होती की कोंबडीचं पिल्लू आत गेलं ते गेलंच. मला अख्खं मैदान नको होतं. एक घट्ट खांब आणि त्याच्यासमोर धावायला एक पट्टी एवढं पुरे होतं. रिकाम्या गोठ्याची एक लाकडी मेढ आम्ही उपटली आणि पट्टीच्या टोकाला दगडांची पाचर मारून रोवली. पण पट्टीत चांगल्या हातभर खोल भेगा होत्या. मायनं आणलेला मुरूम आम्ही आत ओतत राहिलो. आठवडाभर ओतला तरी एक भेग भरेना. माय कंबर धरून उभी राहिली. तळ्यावरून एक पाटी आणायची तरी तिची मान मोडून येत होती.

मग तिला ते सुचलं. घरावरचं मातीचं माळवद कसं करतात, हे आमच्याकडं बाईमाणसाला शिकवावं लागत नाही. तुळयांवर तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, अंथरायच्या, वर चिखल, वर मुरूम, सगळ्यात वर गढीची पांढरी माती, आणि लाकडी धुम्मसानं चोपून काढायचं. दरसाल पावसाच्या आधी वर नवी माती चढवायची. अशा छपरावर आम्ही वाळवणं घालायचो, अंथरुणं टाकायचो, आणि ते कधी खचलं नव्हतं.

"माळवदाखाली काय माती भरलेली असती का गं?" माय म्हणाली. "खाली पोकळच असतंय की. तुराट्या आडव्या टाकू."

मला ते एकदम पटलं. भेगांवर आडव्या तुराट्या टाकल्या, वर चिखल, वर मुरूम, वर पांढरी माती. माय धुम्मस मारायची, मी हातानं माती सारखी करायचे. शेवटचा थर द्यायच्या दिवशी टँकर आला नाही. भिजवल्याशिवाय माती बसणार नव्हती, दुसऱ्या दिवशी नुसती धूळ उडाली असती. मायनं रांजणात वाकून पाहिलं. तळाशी प्यायचं पाणी होतं, ते तिनं बादलीत काढलं आणि मैदानावर शिंपडलं. अण्णा दारात उभे होते. त्या दिवशी आम्ही शेजारून तांब्याभर पाणी मागून आणलं.

मैदान देखणं झालं होतं. मास्तर स्वतः बघून गेले आणि टाच आपटून म्हणाले, "झकास." मी सकाळ-संध्याकाळ धावत होते. हात खांबाला चिकटायला लागला होता. मला वसतिगृहाच्या खोल्यासुद्धा दिसायला लागल्या होत्या.

खाली ऊन आपलं काम करत होतं, ते आम्हाला दिसत नव्हतं. माळवदाच्या तुळया भिंतीवर असतात, त्या हलत नाहीत. इथं तुराट्यांची टोकं ज्या मातीवर टेकलेली होती, तीच रोज थोडी मागं सरकत होती. भेगा आम्ही बुजवल्या नव्हत्या, नुसत्या झाकल्या होत्या.

निवडीला थोडे दिवस उरले असताना मी वेगात आले, खांब धरला, अगदी मास्तर सांगायचे तसा धरला, आणि वळताना डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. अंग वळलं, पाय वळला नाही. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कडब्याच्या एका ट्रकमधून अण्णांनी मला उमरग्याला नेलं आणि प्लास्टर घालून आणलं.

त्यानंतर माय माझ्याशी बोलेनाशी झाली. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि जायची. मलाही तिच्याकडं बघवत नव्हतं. तिनं काय काय केलं ते मी पाहिलं होतं, तरी मला तिचाच राग येत होता. आजही कधीकधी येतो, आणि मग जेवण जात नाही.

माझ्याबरोबरची एक मुलगी निवडली गेली. ती ज्या सकाळी एसटीनं गेली, त्या सकाळी मायनं परड्यातलं मैदान खणायला घेतलं. माती वाया कशाला घालवायची? पाट्या भरभरून तिनं ती माळवदावर चढवली. मी खाली खाटेवर पाय पसरून पडले होते. वर धुम्मसाचा आवाज सुरू झाला आणि तुराट्यांमधून बारीक धूळ खाली यायला लागली.

"धूळ पडती का गं?" मायनं वरून विचारलं. पाय मोडल्यापासून ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती.

"मला शाळंत जायचं होतं, माय," मी म्हटलं.

वरचा आवाज थांबला. मग ती पुन्हा चोपायला लागली. पावसाच्या आत माळवद व्हायला हवं होतं.