आवाज गिळणारा हॉल

माझे चुलत सासरे, म्हणजे आमचे काका, यांच्याइतका माणसाला हादरवणारा माणूस अख्ख्या झाशीत दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर पण सांगितलंय. लग्न होऊन ओरछा गेटजवळच्या या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मी मागून जाऊन म्हटलं, काका, चहा झालाय, तर उत्तरच नाही. मला वाटलं रागावले, पदर नीट नाही की काय, काय चुकलं माझं. मग कधीतरी वळले आणि म्हणाले, "सूनबाई, या घरात बोलायचं तर समोर येऊन बोलायचं. पाठीमागून बोलणाऱ्याचा भरवसा नसतो." मी आठवीपर्यंत शिकलेली, मला वाटलं हे मोठं शहाणपणाचं काहीतरी असणार. तेव्हापासून जेवायला बोलवायचं असलं तरी मी आधी त्यांना वळसा घालते, समोर उभी राहते, मग तोंड उघडते.

बसायचे ते नेहमी भिंतीला पाठ लावून आणि दाराकडे तोंड करून, ठाणेदारासारखे. गणपतीत आमची इथली मराठी घरं एकमेकांकडे आरतीला जातात, तर काका दारात चप्पल काढतानाच बोलायला सुरुवात करणार आणि चप्पल घालेपर्यंत थांबणार नाहीत. कचेरीच्या गोष्टी, रिटायरमेंटच्या गोष्टी, जुन्या साहेबाच्या कुत्र्याच्या गोष्टी. समोरच्याने एक प्रश्न विचारायची सोय नाही. आमचे हे म्हणायचे, "काकांना बोलू द्या, ऐकायचं काम बाकीचे करतील." हे मोठ नावाच्या गावी मंडीत नोकरीला, सकाळच्या बसने जातात, दिवेलागणीला येतात, त्यामुळे दिवसभर ऐकायचं काम माझंच.

पण माझी चिमी झाली आणि काकांनी पोरीचा ताबाच घेतला. वरच्या हॉलमध्ये कडीला पाळणा टांगला, पाळण्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक काकांच्या पायाच्या अंगठ्याला. पेपर वाचताना दोरी अंगठ्याला, भात कालवताना दोरी अंगठ्याला, डुलकी काढताना पण. एकदा कुणीतरी दारातून हाताने बोलावलं तर दोरीसकट निघाले, आणि पाळणा मागनं त्यांच्याबरोबर निम्म्या हॉलपर्यंत झुकला, मी किंचाळलेच. पण खरं सांगते, पोर रडायच्या आधीच त्यांचा अंगठा हलायला लागायचा. सासूबाई मला नाहीत, म्हणून त्या भरवशावर मी दुपारी सिविल लाइंसमध्ये एका बाईंकडे ब्लाउज शिवायला जायला लागले. घरात चार पैसे माझ्या हाताचे आले. आणि काकांना तर कचेरी सुटल्यापासून पहिल्यांदा ड्युटी लागली, दुपारी मी निघायच्या आत ते कपडे बदलून, केस विंचरून पाळण्याशी हजर असायचे.

आता तो हॉल. हॉल आमचा भलता मोठा, गणपती तिथेच बसतो. काकांचं एकच म्हणणं, "हा हॉल आवाज गिळतो." टीव्ही शेवटपर्यंत वाढवला तरी कमीच. खालच्या मजल्यावरची चाची जिन्यातून ओरडायची, "काए दुल्हिन, पूरे मोहल्ला खों खबरें सुना रईं का?" आणि काका म्हणायचे, "बघ, कोपऱ्यात पोचतच नाही." मला पण वाटायला लागलं की खरंच या भिंतींना तोंड असेल. शेवटी यंदा गणपतीच्या आधी त्यांनी ठरवलं, स्पीकर घ्यायचे, सस्त्यात घ्यायचे, पण हॉल भरला पाहिजे. हे कामावर, म्हणून चिमीला कडेवर घेऊन मी गेले सोबत.

दुकानदाराने दोन छोटे डबे काढले. "चाचाजी, ये बुकशेल्फ स्पीकर हैं, इस दाम में इससे साफ़ आवाज़ नहीं मिलेगी."

"हमारे यहाँ शेल्फ नहीं है," काका म्हणाले, "आला है, उसमें गणपति बैठते हैं." आला म्हणजे आमचा भिंतीतला कोनाडा.

"तो मेज़ पर रख लीजिए, दीवार से ज़रा हटाके."

त्याने गाणं लावलं. काय साफ आवाज होता, बाईच्या बांगड्या पण वेगळ्या ऐकू येत होत्या. काका म्हणाले, "मुके आहेत." त्याने मोठी जोडी लावली. "हे पण मुके." तो वाढवत गेला, शेजारचे दुकानवाले बाहेर येऊन बघायला लागले, चिमीने माझ्या मानेत तोंड खुपसलं, आणि काका शांत उभे. शेवटी तो घामाघूम होऊन म्हणाला, "इतने बड़े कमरे में सबवूफर लगेगा चाचाजी," आणि पिठाच्या डब्याएवढी एक काळी पेटी ओढून आणली. काकांनी चपला काढल्या. भर दुकानात, फरशीवर अनवाणी उभे राहिले, डोळे मिटले. त्याने बटण दाबलं आणि माझ्या छातीत धप्प झालं, वाटलं काळीजच निसटलं. काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. म्हणाले, "हा बोलतो." मग छोटे कुठले द्यायचे ते द्या म्हणाले, सगळ्यात स्वस्त जोडी उचलली, आणि पेटी मात्र सगळ्यात मोठी. दुकानदार मला हळूच म्हणाला, "भाभीजी, ये तो बारात वाले ले जाते हैं."

दुसऱ्या दिवशी मी शिवणावरून परत आले. जिन्यातच चिमीचं रडणं ऐकू आलं, साधं रडणं नाही, घसा फाटल्यासारखं. मी धावत वर गेले. गाणं बंद होतं. हॉलमध्ये पोरीच्या रडण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. चिमी पाळण्यात उभी राहिलेली, अर्धी बाहेर लोंबकळलेली, तोंड निळं, आणि काका कोपऱ्यात त्या पेटीशी गुडघ्यावर बसून वायर लावतायत, तिच्याकडे पाठ करून. हात लांब केला तर पोचतील इतके जवळ. दोरी जमिनीवर पडलेली. मी झडप घालून पोरीला ओढलं आणि तिला घेऊन तिथेच धपकन खाली बसले. मी बसले तशी फरशी हलली, तेव्हा काका वळले. हसत होते. म्हणाले, "आलीस? बघ, आता कोपऱ्यात बसवला, आता हॉल भरतो की नाही ते बघ." मग त्यांनी माझं तोंड बघितलं, पोरीचं बघितलं. हळूच म्हणाले, "रडत होती?"

हॉल काही गिळत नव्हता. मला सगळं एकदम कळलं, समोर येऊन बोल ते, भिंतीला पाठ ते, एकट्यानेच बोलणं ते, आणि मी पोरीला पदराखाली घेतलं. एवढे महिने मी माझं लेकरू कुणाच्या कानांवर सोडून जात होते?

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, उद्यापासून शिवण बंद. हे म्हणाले, काकांना कोण सांगणार? सांगायला लागलंच नाही. सकाळी काका स्वयंपाकघरात आले, हातात दोरी, केस विंचरलेले. समोर येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच थोडंसं बोलले.

"तिचं रडणं मला कधीच ऐकू आलं नाही, सूनबाई. पहिल्या दिवसापासून नाही. तिचं हलणं कळतं. काल त्या पेटीच्या नादात दोरी सोडली, ते चुकलं. पण दोरी असली की कळतं."

मी चिमीला पाळण्यात निजवलं, दोरी माझ्या हाताने त्यांच्या अंगठ्याला बांधली, आणि दाराआड उभी राहिले, सगळी कामं टाकून. काका डोळे मिटून बसले. कितीतरी वेळाने पोरीने झोपेत नुसती मूठ उघडली, कूस पण बदलली नाही, आणि त्यांचा अंगठा हलला. मला दिसलं. माझ्या कानांना काय कळलं असतं त्यात? दुपारी मी शिवणाला गेले. जाताना दोरीची गाठ परत एकदा बघितली, आणि सांगून ठेवलं, मी येईपर्यंत पेटीला हात लावायचा नाही.

ह्यांनी त्यांना कानाची मशीन आणून दिली. ती फडताळात आहे. काका म्हणतात, "त्यात माणसं नाही, नुसती भांडी वाजतात." गणपतीत आरतीला पेटी लावली, टाळांबरोबर फरशी धडधडली, खालून चाचीने विचारलं, "काए, भूकंप आओ का?" काका अनवाणी उभे, डोळे मिटलेले, पुष्कळ वर्षांनी सगळ्यांच्या बरोबरीने टाळ्या वाजवत होते, एक टाळी चुकली नाही.

आता चिमी चालायला लागलीय. पाळण्यात थांबतच नाही, मी दुपारी तिला सोबत नेते, काका जिन्यापर्यंत सोडायला येतात. दोरी कडीलाच गुंडाळून ठेवलीय, काढायचं कुणाच्या मनात येत नाही. परवा काका बाजारातून तिच्यासाठी पैंजण घेऊन आले, घुंगरांचे, स्वतःच घातले. ती हॉलभर धावली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, छुम छुम छुम. काका जमिनीवर तळवा टेकून बसले होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वाजतात का गं?"

मी त्यांच्या समोर जाऊन बसले आणि सांगितलं, "वाजतात काका. हॉल भरलाय."