टेकडीपर्यंतची रेघ

मीटिंग संपली की फळा पुसायचं काम माझ्याकडेच येतं. आज पुसता पुसता हात थांबला. शहराच्या पाणीपुरवठ्याचं जाळं संगणकात उतरवायचं हे आमचं काम. टाकी म्हणजे एक गोल, वस्ती म्हणजे एक गोल, आणि मधली रेघ म्हणजे ‘जोडलेलं’. टाकीपासून टेकडीवरच्या वस्तीपर्यंत सकाळी मीच अशी रेघ ओढली होती.

इंजिनिअर पाटलांच्या लेखी जोडलेलं म्हणजे पाइप टाकून झालेला. बिलं पाहणाऱ्या कुलकर्णीबाईंच्या लेखी, घरांची नावं खात्यावर चढलेली. माझ्या लेखी नुसती रेघ.

“टेकडी जोडली ना?” साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं.

“जोडली,” आम्ही तिघंही म्हणालो. खोटं कुणीच बोललं नाही. मग चहा आला.

पूर्वी मी विचारायचे, “पण पाणी येतं का तिथे?” मग जोडलेलं कशाला म्हणायचं यावर वाद व्हायचा, अख्खी दुपार जायची आणि फळ्यावर रेघ तशीच राहायची. शब्दावरून भांडणारी माणसं निदान जागी तरी असतात. आमचं आता दमून एकमत झालं आहे.

खिडकीतून टेकडी दिसते. चढावर टँकर उभा होता, भोवती बायका आणि निळ्या घागरी. टँकरसाठी आमच्या जाळ्यात गोल नाही.

मी रेघ जोर लावून पुसली. तिचा फिकट माग काही जाईना. उद्या कुणीतरी त्यावरूनच मार्कर फिरवेल, आणि आम्ही माना डोलावू.